पावसात आणि थंडीत दगा न देणारा लायटर कसा निवडावा

ट्रेकच्या सामानाच्या याद्यांमध्ये ‘लायटर किंवा काडेपेटी’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. ते वाचून लोक घरातला गॅसचा लायटर सॅकमध्ये टाकतात. तो फक्त ठिणगी देतो, ज्योत देत नाही. स्टोव्हचा गॅस त्यावर पेटेल, काटक्या पेटणार नाहीत.

हवा आहे तो चाक फिरवून पेटणारा, साध्या पिवळ्या ज्योतीचा, एकदा संपला की टाकून द्यायचा ब्युटेन लायटर. दोन नग. दिसायला सगळ्यात सामान्य तोच, आणि अडचणीत सगळ्यात कमी बिघडणाराही तोच.

बाकीचे का नकोत

खटक्याच्या लायटरमध्ये बटण दाबलं की विजेची ठिणगी पडते. आत दमटपणा शिरला की ती ठिणगी भलत्याच वाटेने निघून जाते आणि नुसता टकटक आवाज येत राहतो. उंचीवर, विरळ हवेत, तो आणखी चुकतो.

जेट लायटर, म्हणजे निळी, जोरकस ज्योत फेकणारा, जाहिरातीत वादळातही पेटताना दिसतो. सह्याद्रीच्या वाऱ्यात तो खरंच छान चालतो, हे मान्य. पण गॅस झपाट्याने पितो, त्याचं बारीक छिद्र खिशातल्या धुळीनेही बुजतं, आणि बहुतेकांत पेटवायला खटकाच असतो. ज्योत निळी व जोरकस राहण्यासाठी गॅस आणि हवेचं प्रमाण अचूक जमावं लागतं. उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या माथ्यावर, म्हणजे साधारण ३८०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. तिथे ते प्रमाण बिघडतं. यूएसबीवर चार्ज होणारा, गॅसऐवजी विजेच्या ठिणगीवर चालणारा प्लाझ्मा लायटर घरच्या निरांजनासाठी ठेवा.

झिप्पोसारख्या पेट्रोलच्या लायटरचे चाहते फार भांडतात. रोज भरणार असाल तर उत्तम वस्तू आहे. पण त्यातलं इंधन न वापरताही एक-दोन आठवड्यांत उडून जातं. सहा महिने सॅकच्या कप्प्यात पडून राहिलेला असा लायटर म्हणजे नुसता डबा.

क्लिपरसारखा गॅस पुन्हा भरता येणारा लायटर चालेल. त्याची गारगोटीची नळी बाहेर काढून खडा बदलता येतो, ही मोठी सोय. फक्त भरण्याच्या झडपेतून गळतीची एक जागा वाढते, म्हणून पुढे दिलेली वजनाची चाचणी त्याच्यावर जरूर करा.

दुकानात

आयएसआय खूण बघा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये लायटरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला; त्यातलं मानक आयएस/आयएसओ ९९९४. टपरीवरच्या बिननावाच्या पारदर्शक लायटरवर ही खूण बहुधा नसते. ज्योत कमी-जास्त करायची कळ नसलेला घ्या, कारण सॅकमध्ये घासून ती कळ सरकते. रंग भगवा किंवा पिवळा. हिरवा, काळा, खाकी लायटर गवतात पडला की गेला.

घरी: आधी गळती, मग पाणी

गळती शोधायला लायटर पाण्याच्या ग्लासात बुडवून धरा. वरच्या पोकळीतली हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येत राहिले तर परत करा. सूक्ष्म गळती मात्र अशी दिसत नाही. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर लायटर कोरडा असताना वजन करून ते चिकटपट्टीवर लिहा आणि पंधरा दिवस न वापरता पुन्हा मोजा. काही दशांश ग्रॅम घटले असतील तर त्या लायटरवर विसंबू नका.

आता खरी परीक्षा. ओला लायटर पुन्हा पेटवणं ही इथली एकमेव अवघड गोष्ट आहे आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. ‘ओला झाला की फुंकर मारा’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि ‘पेटेपर्यंत चाक फिरवत राहा’ हा तर सरळ नुकसान करणारा.

आत काय होतं ते समजून घ्या. चाकाखाली स्प्रिंगने दाबलेली गारगोटी असते. ती नदीतली गारगोटी नव्हे, फेरोसेरियम नावाचा मिश्रधातू. चाकाचे दाते तिचे बारीक कण खरवडतात आणि ते कण हवेत पेटून ठिणगी होते. मधे पाणी असलं की कण सुटतात पण पेटत नाहीत. पाण्यात कालवून त्यांचा करडा चिखल होतो आणि तो दात्यांच्या फटीत भरतो. मग दाते गारगोटीला धरत नाहीत, चाक गुळगुळीत फिरतं. घाबरून वीस-तीस वेळा चाक फिरवलं की लायटर कोरडा झाल्यावरही पेटत नाही, तो यामुळे.

म्हणून क्रम पाळा. लायटरचं तोंड खाली करून मनगटाला हिसडे देत आठ-दहा वेळा झटका. पत्र्याच्या टोपीच्या बाजूच्या भोकांतून जोरात फुंका. गॅसच्या तोंडावर अडकलेला थेंब असाच निघतो. कोरड्या कापडाचं टोक पिळून टोपीत घाला आणि फिरवा. मग गॅसचं बटण अजिबात न दाबता चाक कोरड्या कापडावर दाबून एकाच दिशेने ओढा, चाक ठिणगी पाडायला फिरवतो त्याच दिशेने. पहिल्या काही ओढींना काहीच होणार नाही, कापडावर करडी रेघ उमटेल. ती रेघ म्हणजेच तो चिखल, तो निघायलाच हवा. रेघ फिकी होत जाते, मग एखादी लालसर ठिणगी, मग पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका. झुबका दिसल्यावरच बटण दाबा. आधी दाबलंत तर गॅस वाया जातो, आणि टोपीत साठलेला गॅस एकदम पेटून अंगठा भाजतो.

रेघ येतच राहिली तर सेफ्टी पिनने दात्यांच्या फटी कोरून काढा. अंगावर कोरडा धागा उरला नसेल तर लायटर दहा-पंधरा मिनिटं काखेत धरा आणि मग हाच क्रम. स्टोव्हजवळ सुकवायला ठेवू नका. ती दाबाखालच्या गॅसची कुपी आहे.

हे सगळं घरी करा. लायटर मिनिटभर पाण्यात बुडवा, घड्याळ लावा. चांगला लायटर पाचेक मिनिटांच्या आत पेटायला हवा. मग हात दोन मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून पुन्हा करा. इथे कळतं की काही लायटरांवर चाकावरची मुलांसाठीची सुरक्षापट्टी बधिर अंगठ्याला दबतच नाही. ती पट्टी उपटून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. घरात लहान मूल असेल तर तो ऐकू नका, हलक्या चाकाचा दुसरा लायटर शोधा.

थंडी

लायटरमधला साधा ब्युटेन समुद्रसपाटीच्या दाबाला उणे अर्ध्या अंशाच्या खाली उकळून वायू होत नाही. त्याचाच दुसरा प्रकार असलेल्या आयसोब्युटेनची ही मर्यादा सुमारे उणे १२ आहे. हरिश्चंद्रगडावरच्या डिसेंबरात याची फारशी चिंता नाही, हिमालयातल्या तळावर आहे. लायटर आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये.

ठेवायचा कसा

सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन सगळा गॅस निघून जाणं, लायटर रिकामा सापडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापून बटणाखाली घट्ट चढवा. बटण दबत नाही, आणि ते रबर पेटवण, म्हणजे आग धरायला आधी पेटवायची वस्तू, म्हणूनही कामी येतं. ओलं असलं तरी पुसून पेटतं. एक लायटर खिशात, दुसरा सॅकमध्ये. ओला लायटर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून विसरलात तर गारगोटीची भुकटी होते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. दर मे महिन्यात तपासा, शंका आली की बदला. उन्हात उभ्या गाडीत लायटर ठेवू नका.

पेटवताना

लायटरने लाकूड पेटवायचं नसतं, पेटवण पेटवायचं असतं. ओल्या काटकीखाली मिनिटभर ज्योत धरली की पत्रा तापतो, प्लास्टिक वितळतं. एका वेळी दहा सेकंद पुरे. कापराच्या वड्या घट्ट झाकणाच्या डबीत न्या, उघड्या ठेवल्या तर उडून जातात. कापूर पाण्यावर तरंगतानाही जळतो, त्यामुळे पावसाळी ट्रेकला त्याहून स्वस्त आणि चांगलं पेटवण नाही. गॅस संपला तरी लायटर फेकू नका. चाक हळूहळू फिरवून गारगोटीची भुकटी कोरड्या, पिंजलेल्या कापसावर पाडा आणि मग एकच जोरदार ठिणगी द्या.

अभयारण्यात आणि राखीव जंगलात हौसेची शेकोटी नको. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सगळी अभयारण्यंच आहेत, आणि तिथे आग लावणं हा गुन्हा ठरू शकतो. लेण्यांत तर मुळीच नाही, काजळी कोरीव कामावर कायमची बसते.

विमानाने डेहराडूनला जाणार असाल तर लायटर घरून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. तिथल्या बाजारात दोन घ्या आणि बुडवून बघायचं काम हॉटेलच्या बेसिनमध्ये उरका.