दिवाळीचा घरगुती व्हिडिओ: आधी पंखा बंद करा

गेल्या वर्षी न्यू जर्सीतल्या बहिणीसाठी आणि तिच्या मुलांसाठी आम्ही घरीच दिवाळीच्या शुभेच्छांचा व्हिडिओ केला. चित्र सुरेख आलं. ठिपक्यांची रांगोळी, पणत्या, खुर्चीत आजी. तिच्या माहेरी चकलीची भाजणी जात्यावर कशी दळत, ते ती पणतवंडांना चार मिनिटं रंगून सांगत होती. रात्री इअरफोन लावून ऐकलं, तर आजीच्या प्रत्येक शब्दावर पंख्याची घरघर. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोल म्हटलं, तर म्हणाली, "आता नाही गं तसं येत." म्हणून यंदा तयारी लिहून ठेवतेय आणि पहिली गोष्ट हीच: पंखा बंद.

दिवस वसुबारसेचा किंवा त्याच्या आधीचा धरा. धनत्रयोदशीपासून फटाके सुरू होतात आणि घरात कुणी मोकळं सापडत नाही. वेळ सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीची. पणतीची ज्योत उठून दिसायला जरा अंधार लागतो, पण पुरत्या अंधारात फोनचा कॅमेरा चेहऱ्यावर दाणे आणतो. खिडकी माणसांच्या समोर हवी. पाठीमागे आली की चेहरे काळे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये प्रकाश तिथेच लॉक होतो. तो केला नाही, तर कुणी फुलबाजी पेटवताच बाकी सगळं काळवंडतं.

दिव्यांच्या माळांचं निराळंच दुखणं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातल्या एलईडी माळा सेकंदाला 50 किंवा 100 वेळा मिणमिणतात. डोळ्यांना कळत नाही, पण सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं, घेणाऱ्या व्हिडिओत प्रकाश थरथरतो. सेटिंगमध्ये 25 फ्रेम असतील तर त्या घ्या. नसतील तर माळ बंद ठेवा, पणत्या पुरतात.

फोन चार्ज, जागा रिकामी, विमान मोड. लेन्स पुसा, फराळ करताना तुपाचे हात लागलेले असतात. टीव्हीवर बघणार असतील तर फोन आडवा, नाहीतर उभा. मध्येच बदलू नका.

आता आवाज. पंखा बंद करा. ऑक्टोबरात उकडतं हे मला माहीत आहे, दहा मिनिटं सोसा. पंख्याने पणत्याही विझतात. फ्रिजचं बटण बंद करा आणि नंतर आठवणीने चालू करा. कुकर, मिक्सर, दुसऱ्या खोलीतला टीव्ही, सगळं बंद. फोन दोन मीटर लांब असला की माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. म्हणून दुसऱ्या फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करा. तो बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, फराळाच्या ताटामागे ठेवा. दोन्ही सुरू झाले की एक टाळी वाजवा, तिच्यावरून चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. मग दहा सेकंद रेकॉर्ड करा, थांबवा आणि इअरफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर नाही! त्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जातली घरघर बाहेरच येत नाही. आम्ही स्पीकरवर ऐकलं, छान आहे म्हटलं आणि तिथेच घात झाला. स्वतः इअरफोन लावून ऐकल्याशिवाय आजीला बोलायला सांगू नका.

कारण मोठी माणसं मनापासून एकदाच बोलतात. हातात कागद देऊ नका, वाचल्यासारखं होतं. "शुभेच्छा दे" असंही म्हणू नका, "पहिल्या आंघोळीला कोण उठवायचं गं?" असं विचारा आणि आपण गप्प बसा. आजी थांबली तरी पाचेक सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवा, खरं हसू तेव्हाच येतं. लहान मुलांचं आधी उरका, ती कंटाळतात. फुलबाज्या अंगणात, अंगावर सुती कपडे, शेजारी पाण्याची बादली. पदर-ओढणी खोचलेली.

कापताना दोन मिनिटांच्या आत आणा. आजीचं पूर्ण बोलणं वेगळं जपून ठेवा. सनई सुरुवातीला आणि शेवटी, बोलण्याखाली अजिबात नको. अक्षरं तपासा: दीपावलीतला दी दीर्घ, दिवाळीतला दि ऱ्हस्व.

व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जातं. न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की साडेदहा. आपल्या पहाटे पाठवलं की त्यांच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, मुलं जागी असतात. आणि पाठवायच्या आधी इअरफोन लावून शेवटपर्यंत ऐका.