डिबेट झाली, आता दोन उमेदवार तोलायचे कसे?

डिबेट कोणी मारली आणि मत कोणाला द्यायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेत अध्यक्षीय डिबेट संपली की चॅनेलांवर रात्रभर पहिल्याच प्रश्नाचा काथ्याकूट चालतो. २०१२ साली डेन्व्हरच्या पहिल्या डिबेटनंतर गॅलप या जनमत संस्थेच्या पाहणीत ७२ टक्क्यांनी ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी यांना सरस ठरवलं. निवडणूक ओबामांनी जिंकली. १० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात हॅरिस आणि ट्रम्प समोरासमोर आले. सीएनएनच्या पाहणीत ती बघणाऱ्यांचा कौल हॅरिस यांच्याकडे ६३ विरुद्ध ३७ असा होता. नोव्हेंबरात ३१२ विरुद्ध २२६ इलेक्टोरल (राज्यांच्या प्रतिनिधींच्या) मतांनी ट्रम्प आले.

पुढची पद्धत न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मराठी नागरिक-मतदारासाठी आहे. पुण्यात सकाळी साडेसहाला चहा घेत डिबेट बघणाऱ्यालाही ती चालेल, त्याला मत नसलं तरी.

डिबेटच्या आधी

एका कागदावर तुमचे तीनच मुद्दे लिहा, आणि ते डिबेट सुरू होण्याआधी लिहा. नंतर लिहिले तर सूत्रसंचालकाने ज्यावर प्रश्न विचारले तेच तुमचे मुद्दे होऊन बसतात. मुद्दा नेमका हवा. ‘इमिग्रेशन’ हा मुद्दा नव्हे. ‘नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवरची प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा’ हा मुद्दा. ‘महागाई’पेक्षा ‘डे-केअरचा खर्च’ बरा. मग कागदावर प्रत्येक उमेदवाराला एक रकाना द्या.

डिबेट चालू असताना

तीन खुणा पुरतात: उत्तर दिलं, बगल दिली, समोरच्यावर घसरला. अट एकच. प्रश्नातलं क्रियापद आधी लिहून घ्यायचं, नाहीतर दोन मिनिटांच्या भाषणात प्रश्न काय होता हेच विसरायला होतं. फिलाडेल्फियातला पहिलाच प्रश्न घ्या: चार वर्षांपूर्वीपेक्षा अमेरिकी माणसाची आर्थिक स्थिती आज बरी आहे का? (रेगननी १९८० मध्ये कार्टरसमोर प्रेक्षकांना टाकलेला हाच तो प्रश्न.) हॅरिस यांनी मध्यमवर्गीय बालपणापासून सुरुवात केली आणि योजनांवर आल्या, हो किंवा नाही आलंच नाही. पुढे ट्रम्प यांना विचारलं, देशभर गर्भपातबंदीचा कायदा समोर आला तर व्हेटो (नकाराधिकार) वापराल का? ‘तशी वेळच येणार नाही,’ या अर्थाचं उत्तर मिळालं. दोन्हीकडे खूण एकच: बगल.

दिसण्याचं काय करायचं, हा जरा अवघड भाग. १९६० च्या शिकागोतल्या पहिल्या टीव्ही-डिबेटला निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकते उठून आले होते आणि त्यांचा करडा सूट मागच्या पडद्यात विरून गेला. हे कागदावर येऊ देऊ नका. २००० मधले उमेदवार गोर यांचे उसासेही नकोत. पण २७ जून २०२४ ला अटलांटात बायडेन यांचा वाक्याचा धागा सुटत गेला, ती मात्र माहिती होती, कारण तिचा पदाच्या कामाशी थेट संबंध आहे. २४ दिवसांनी त्यांनी माघार घेतली. तेव्हा कसोटी अशी: हाच दोष बंद दाराआडच्या बैठकीतही आड येईल का? येत असेल तर लिहा. आणि चपखल विनोद हे उत्तर नव्हे. १९८४ मध्ये लुईव्हिलला रेगन अडखळले, तेव्हा वयाचा प्रश्न आला. दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचं आपण भांडवल करणार नाही, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं. प्रतिस्पर्धी मोंडेलही हसले. प्रश्न होता तिथेच राहिला.

समारोपाची निवेदनं संपली की टीव्ही बंद करा. कारण १९७६ मध्ये सापडतं. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. डिबेट संपल्यासंपल्या फोन करून विचारलेल्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ते खटकलं होतं. दुसऱ्या दिवशी बातम्यांनी तेच वाक्य घोळवलं आणि प्रतिस्पर्धी कार्टर मोठ्या फरकाने जिंकल्याचा कौल आला. विधान चुकीचं होतंच, बातम्यांनी ते दाखवलं यात गैर काही नाही. पण बाकीच्या नव्वद मिनिटांत काय झालं, ते त्यात बुडालं. आता तर पंधरा सेकंदांच्या क्लिपा डिबेट चालू असतानाच फोनवर येतात.

दुसऱ्या दिवशी: कागदावरची डिबेट

शब्दशः उतारा काही तासांत चॅनेलच्या साइटवर येतो. जुने सगळे उतारे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बराच्या अध्यक्षीय दस्तऐवज प्रकल्पात मिळतात. वाचायला साधारण तासभर लागतो. आवाज, हातवारे, अर्ध्या पडद्यावरचे चेहरे निघून जातात आणि वाक्यं उघडी पडतात. कालच्या खुणा इथे तपासा. ‘उत्तर दिलं’ म्हणून केलेल्या काही खुणा खोडाव्या लागतील.

आता प्रत्येक आश्वासनापुढे, ते पुरं करण्याचा अधिकार कोणाचा आहे ते लिहा: अध्यक्ष, काँग्रेस (अमेरिकेची संसद), राज्य की कोर्ट. आमच्या मते सगळ्या पद्धतीत हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात.

व्हिसाचंच बघा. एच-१बी या कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसाची वर्षाची ६५ हजारांची मर्यादा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वरचे २० हजार आणि ग्रीन कार्डांची देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा, हे सगळं काँग्रेसच्या कायद्यातलं आहे. कोणताही अध्यक्ष ते एकट्याने वाढवू शकत नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं ते साध्या घोषणापत्राने. दार आवळणं अध्यक्षाला सोपं, रुंद करणं कठीण. म्हणून ‘रांग कमी करू’ असं ऐकलं की पुढे ‘काँग्रेस’ लिहा आणि ‘अर्ज कडक तपासू’ असं ऐकलं की ‘अध्यक्ष’.

काँग्रेस लिहिलं म्हणजे आश्वासन खोटं ठरत नाही, महाग ठरतं. सेनेट या तिच्या वरच्या सभागृहात चर्चा लांबवून विधेयक अडवता येतं आणि ती कोंडी फोडायला १०० पैकी ६० मतं लागतात. कर आणि खर्चाच्या विधेयकांना अर्थसंकल्पाच्या वाटेने साध्या बहुमताची सोय आहे. गर्भपाताचा हक्क पुन्हा देणारं विधेयक काँग्रेसने मंजूर केलं की सही करीन, असं हॅरिस म्हणाल्या; त्या ‘की’मध्ये ती साठ मतं दडलेली होती. सुप्रीम कोर्टाच्या जून २०२२ च्या निकालाने हा विषय राज्यांकडे गेलाय, म्हणजे राज्याच्या पदांसाठीच्या चौथ्या-पाचव्या नावाला जे मत तुम्ही मतपत्रिकेवर घाईत देता, त्याचंही इथे वजन आहे. आयातशुल्क मधल्या जातीचं: मूळ अधिकार काँग्रेसचा, काही जुन्या कायद्यांनी अध्यक्षाला दिलेला. तिथे ‘अध्यक्ष, कोर्ट’ असं दोन्ही लिहा.

आकडे तपासताना

आकडा बहुधा खरा असतो, मोजायला सुरुवात कुठून केली त्यात गफलत असते. फिलाडेल्फियात हॅरिस म्हणाल्या, ट्रम्प यांनी महामंदीनंतरची सर्वांत वाईट बेरोजगारी मागे ठेवली. १४.८ टक्क्यांचा तो उच्चांक एप्रिल २०२० चा. जानेवारी २०२१ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा दर साडेसहाच्या आत होता. ट्रम्प म्हणाले, महागाई बहुधा देशाच्या इतिहासातली सर्वांत वाईट. जून २०२२ चा ९.१ टक्के हा उच्चांक चाळीस वर्षांतला होता, पण १९८० मध्ये दर १४ च्या वर होता. दोन्ही तपासण्या कामगार सांख्यिकी विभागाच्या तक्त्यांवर पाच मिनिटांत होतात. कोणत्याही ‘माझ्या काळात’ला दोन महिने लावा, सत्ता घेतली तो आणि सोडली तो. आणि कोविडचं वर्ष मध्ये असेल तर फेब्रुवारी २०२० चाही आकडा बघा, तेव्हा बेरोजगारी ३.५ होती.

पाहण्यांबद्दल थोडक्यात. ‘डिबेट कोणी जिंकली’ हे बघणाऱ्यांनाच विचारतात, सगळ्या मतदारांना नाही. पाहणीतल्या संभाव्य चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) ±३ लिहिलेली असते ती एका उमेदवाराच्या टक्क्यांना. दोघांमधल्या फरकाला ती जवळपास दुप्पट धरावी लागते. चार टक्क्यांची आघाडी त्यात सहज बसते.

तोलणं

तीन मुद्दे, दोन रकाने, सहा घरं. ज्या घरात ठोस कृती आणि ती करण्याचा अधिकार दोन्ही आहे त्याला २ गुण, कृती आहे पण अधिकार दुसऱ्याचा असेल तर १, बगल असेल तर ०. तुमच्या मुद्द्याच्या उलट दिशेची ठोस कृती उणे २. दोन घरं कोरी राहिली तरी चालेल, उमेदवाराच्या साइटवरून ती भरा. पण त्याहून जास्त कोरी असतील तर त्या डिबेटमधून तुम्हाला काहीच मिळालेलं नाही, निर्णय तिच्यावर टेकवू नका. बेरीज एक-दोन गुणांच्या फरकाची आली तर ती बरोबरीच समजा. मग डिबेटमध्ये न आलेलं बघा: आधीचा कारभार, आणि कोणत्या माणसांना पदं दिली ते.

हे सगळं करायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तारखा आधी बघा. मतदार नोंदणीची मुदत टेक्सासात मतदानाच्या ३० दिवस आधी संपते, न्यू जर्सीत २१ आणि पेनसिल्व्हेनियात १५. २०२० ची शेवटची डिबेट २२ ऑक्टोबरला होती, मतदानाच्या १२ दिवस आधी. तोवर या तिन्ही मुदती उलटून गेल्या होत्या, आणि चार कोटींहून अधिक लोकांचं मत देऊनही झालं होतं.