टॉर्नेडो: वाचलेल्यांच्या गोष्टींवरून शिकताना या चुका टाळा

२६ एप्रिल १९९१. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका महामार्गावर टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा प्रचंड भोवरा, मागे लागलेला पाहून एका टीव्ही वाहिनीच्या माणसांनी पुलाशी गाडी थांबवली. तिथे आधीच आडोशाला आलेल्या लोकांसह ते उतारावरून वर चढले आणि गर्डरच्या बेचक्यात अंग चोरून बसले. कॅमेरा चालूच होता. वारा घोंघावत आला, धूळ उडाली, निघून गेला. सगळे सुखरूप. ते चित्रण जगभर दाखवलं गेलं आणि लाखो लोकांच्या मनात एक समज पक्का बसला: रस्त्यात टॉर्नेडोने गाठलं तर पुलाखाली शिरायचं.

३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात अनेकांनी तेच केलं. त्या एका दिवसात तीन वेगवेगळ्या पुलांखाली प्रत्येकी एक, असे तीन जीव गेले. कित्येक जण कायमचे जायबंदी झाले. त्यांतल्या दोन पुलांवरून गेलेल्या टॉर्नेडोत रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग मोजला होता. तिसऱ्या पुलाजवळचा टॉर्नेडो त्यामानाने बराच दुबळा होता, तरी तिथेही एक जीव गेलाच.

१९९१ चा तो टॉर्नेडो मुळात कमजोर होता आणि त्याचा गाभा पुलावरून गेलाच नाही. चित्रणात हे दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की पुलाखाली बसलेली माणसं वाचली.

टॉर्नेडोबद्दलच्या बहुतेक घातक समजुती अशाच जन्माला आल्या आहेत. जो वाचतो तोच सांगायला उरतो. त्याने जे केलं ते उपाय म्हणून पसरतं, आणि तेच करून गेलेल्यांची बाजू मांडायला कुणी नसतं. म्हणून असे अनुभव जरूर ऐकावेत, पण 'यांनी काय केलं' याच्या आधी 'टॉर्नेडो यांच्यापासून किती लांबून गेला आणि किती जोराचा होता' हे विचारावं.

पूल, खिडक्या आणि नैऋत्य कोपरा

पुलाखाली नेमकं काय होतं ते समजून घ्या. अरुंद जागेतून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो. जमिनीपासून जितकं वर जाल तितका वाराही जोराचा, आणि गर्डरखाली पोचण्यासाठी माणूस उतार चढून नेमका वरच जातो. बहुतेक पुलांखाली धरायला काही नसतं. जे असतं ते धरून ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वाऱ्यात कुणी टिकत नाही. वाऱ्यासोबत पत्रे, लाकडं, काचा, दगड येतात. माणसं मरतात ती मुख्यतः या उडत्या वस्तूंच्या माऱ्याने. उचलली जाऊन मरणारे त्यामानाने कमी. शिवाय दहा गाड्या पुलाखाली थांबल्या की मागचा रस्ता तुंबतो आणि मागच्यांची सुटका अशक्य होते.

खिडक्या उघडण्याचा सल्लाही असाच जुना आहे. टॉर्नेडोच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, म्हणून बंद घर आतून फुटतं, असं मानलं जायचं. दाब कमी असतो हे खरं, पण घर मोडतं ते वाऱ्याने. वाऱ्याकडच्या बाजूची खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटलं की वारा आत घुसतो, छताला खालून रेटा देतो, छत उचललं जातं आणि आधार गेलेल्या भिंती आडव्या होतात. खिडकी उघडणं म्हणजे त्या वाऱ्याला स्वतः वाट करून देणं. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे ज्या मिनिटात तळघरात असायला हवं ते मिनिट काचेसमोर जातं.

तळघराचा नैऋत्य कोपरा सुरक्षित, हा समज एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. टॉर्नेडो बहुतेकदा नैऋत्येकडून येतो, तेव्हा ढिगारा पलीकडे पडेल, असं त्यामागचं गणित. प्रत्यक्षात पडझड झालेल्या घरांच्या पाहणीत हे गणित टिकलं नाही. कोपऱ्याची दिशा शोधत बसू नका. जिन्याखाली किंवा भक्कम टेबलाखाली जा. वरच्या मजल्यावर फ्रीज किंवा पियानोसारखं जड सामान जिथे असेल त्याच्या बरोबर खाली मात्र बसू नका.

'आमच्याकडे येत नाही'

कॅन्ससची राजधानी टोपेका. शहराच्या नैऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. ही टेकडी शहराला टॉर्नेडोपासून राखते, अशी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा होती. ८ जून १९६६ रोजी टॉर्नेडो त्याच टेकडीवरून खाली उतरला आणि शहर आरपार चिरत गेला. पंधराहून अधिक माणसं गेली.

डोंगर अडवतो, नदी अडवते, मोठ्या शहरातल्या उंच इमारतींमुळे तो फुटतो, यांतलं काहीही खरं नाही. ११ मे १९७० ला टेक्ससमधल्या लबकचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. ऑगस्ट १९९९ मध्ये डोंगरांनी वेढलेल्या सॉल्ट लेक सिटीच्या मध्यवस्तीत टॉर्नेडो शिरला. १९८७ मध्ये वायोमिंगमध्ये एक टॉर्नेडो तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या डोंगररांगा ओलांडून जंगल भुईसपाट करत गेला. 'एकदा येऊन गेला, आता पुन्हा नाही' असं म्हणणाऱ्यांनी कॅन्ससमधल्या कोडेल गावाची नोंद वाचावी: १९१६, १९१७ आणि १९१८, सलग तीन वर्षं, तिन्ही वेळा तारीख २० मे.

दिसेपर्यंत थांबणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ती माणसाच्या स्वभावातच असल्यामुळे टाळायलाही सगळ्यात अवघड.

२२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉप्लिन शहरात पहिला सायरन टॉर्नेडो जमिनीला टेकण्याच्या वीसेक मिनिटं आधी वाजला. एवढा वेळ फार क्वचित मिळतो. तरीही बहुसंख्य लोक लगेच हलले नाहीत, असं नंतरच्या सरकारी चौकशीत दिसलं. सायरन त्यांच्या सवयीचा झाला होता. कुणी टीव्ही लावला, कुणी फोन केला, कुणी अंगणात येऊन आभाळाकडे पाहिलं. हे बेफिकीर लोक नव्हते. एका इशाऱ्यावर विश्वास न ठेवता दुसरी खूण शोधणं हा आपला सर्वांचाच स्वभाव आहे. पण त्या संध्याकाळी टॉर्नेडो पावसाच्या पडद्याआड होता. बाहेर येऊन पाहणाऱ्यांना सोंड दिसलीच नाही, दिसला तो काळा पाऊस. दीडशेहून अधिक माणसं दगावली.

आभाळातून लोंबणारी ती सुबक सोंड चित्रात असते. प्रत्येक टॉर्नेडो तसा दिसेलच असं नाही. १८ मार्च १९२५ रोजी मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून साडेतीनशे किलोमीटर गेलेला आणि ६९५ बळी घेणारा टॉर्नेडो अनेकांना जमिनीवरून लोळत येणाऱ्या काळ्या धुक्यासारखा वाटला. हे वादळ आहे हे त्यांना कळलं तेव्हा ते अंगावर आलं होतं. रात्रीचं तर बोलायलाच नको. ३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर टेनेसीतल्या कुकव्हिल भागात १९ माणसं गेली. लोक झोपेत होते.

उलट बाजूचा अनुभव म्हणून कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गजवळचे शेतकरी विल केलर यांचं नाव नेहमी घेतलं जातं. २२ जून १९२८ ला त्यांनी घरच्यांना तळघरात उतरवलं आणि स्वतः दार लावण्याआधी मागे वळून पाहिलं. टॉर्नेडोचं टोक जमिनीपासून उचललं गेलं होतं आणि ते बरोबर त्यांच्या डोक्यावर होतं. वर एक पोकळ, गोल विवर, आत विजांचा सतत लखलखाट, कडेला तयार होऊन तुटणारे छोटे भोवरे, गॅससारखा उग्र वास आणि फूत्कारासारखा आवाज, असं वर्णन त्यांनी केलं आहे. ते अभ्यासकांनाही मोलाचं वाटलं. मीही ते पुन्हा पुन्हा वाचलं आहे आणि दर वेळी थरारून गेलो आहे. पण त्यातली निर्णायक गोष्ट विवर नव्हे. घरचे आधीच खाली होते, तळघराचं दार हाताशी होतं आणि टोक योगायोगाने उचललेलं होतं. ते जमिनीला टेकलेलं असतं तर हे वर्णन लिहायला कुणी उरलं नसतं.

त्याच ग्रीन्सबर्गवर ४ मे २००७ च्या रात्री सुमारे पावणेतीन किलोमीटर रुंदीचा टॉर्नेडो आला. टॉर्नेडोंच्या जोराच्या वर्गवारीत तो सर्वांत वरच्या ईएफ-५ गटातला, म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरच्या वरच्या वाऱ्याचा ठरला. गावाचा ९५ टक्के भाग नाहीसा झाला, पण मृतांचा आकडा डझनाच्या आसपासच राहिला. इशारा वेळेत मिळाला होता, तळघरं होती आणि लोक वाट न पाहता त्यांत उतरले होते.

तेव्हा अमेरिकी हवामान खात्याच्या इशाऱ्यांचा अर्थ नीट लक्षात ठेवा. 'वॉच' म्हणजे परिस्थिती टॉर्नेडोला अनुकूल आहे, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे टॉर्नेडो रडारवर किंवा डोळ्यांनी दिसला आहे, आत्ता आसरा घ्या. वॉर्निंगनंतर हाताशी बरेचदा दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तीही नसतात. सायरन घराबाहेरच्या माणसांसाठी असतो. बंद घरात, एसी चालू असताना तो ऐकू येईलच असं नाही. रात्री फोनवरचे आपत्कालीन इशारे चालू ठेवा, शक्य असेल तर हवामान रेडिओही ठेवा. अनेक वॉर्निंग फुकट जातात हे खरं आहे. त्यावर माझं उत्तर एवढंच, की फुकट गेलेल्या वॉर्निंगची किंमत तळघरातली अर्धा तास बैठक असते.

गाडी काढून पळणं

१० एप्रिल १९७९, विचिटा फॉल्स, टेक्सस. ४२ मृतांपैकी २५ जण गाड्यांमध्ये होते. त्या २५ पैकी १६ जण टॉर्नेडो चुकवण्यासाठीच गाडीत बसले होते, आणि त्यांतल्या ११ जणांच्या घरांना धक्काही लागला नव्हता. एवढी एक नोंद मी प्रत्येकाला वाचायला दिली असती.

३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रीनो इथे ४.२ किलोमीटर रुंदीचा टॉर्नेडो झाला, आजवर मोजलेला सर्वांत रुंद. अकराच दिवसांपूर्वी जवळचं मूर शहर उद्ध्वस्त झालेलं लोकांनी पाहिलं होतं. घाबरून हजारो लोक गाड्या घेऊन निघाले आणि महामार्ग ठप्प झाले. त्या टॉर्नेडोने दिशा आणि वेग दोन्ही झपाट्याने बदलले. मृतांमध्ये टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे होते. टॉर्नेडोंचा पाठलाग करून मोजमाप घेण्यात समारस यांची हयात गेली होती आणि या क्षेत्रात ते सावध माणूस म्हणून ओळखले जात. त्यांना जे चुकवता आलं नाही ते आपण आरशात बघून चुकवू, असं कुणी समजू नये.

पण तळघरच नसेल तर?

सर्वांत खालचा मजला, घराच्या मधोमध, खिडकी नसलेली छोटी खोली: बाथरूम, कपाटाची खोली, जिन्याखालची जागा. तुमच्यात आणि बाहेरच्या हवेत जितक्या भिंती घालता येतील तितक्या घाला. वर गादी किंवा जाड पांघरूण घ्या. डोक्यावर हेल्मेट चढवा, सायकलचं असलं तरी चालेल. डोक्याच्या जखमाच सर्वाधिक जीव घेतात. पायात बूट असू द्या, त्याचं कारण पुढे येईल.

मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात राहत असाल तर बाथरूमचा उपयोग नाही. ते घर दुबळ्या टॉर्नेडोतही उलटतं, आणि अमेरिकेतल्या टॉर्नेडोबळींमध्ये अशा घरांतल्या रहिवाशांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी मोठा आहे. तुम्हाला वॉर्निंगची वाट पाहून चालत नाही. वॉच लागला की जवळच्या पक्क्या इमारतीत किंवा सार्वजनिक शेल्टरमध्ये जा. ते कुठे आहे आणि रात्री उघडं असतं का, हे आजच विचारून ठेवा.

मॉल किंवा मोठ्या दुकानात असाल तर पार्किंगकडे धावू नका आणि रुंद छताखालीही थांबू नका. मधले खांब कमी असलेलं छत लवकर कोसळतं. स्वच्छतागृह गाठा.

रस्त्यात अडकलात आणि जवळ पक्की इमारत नाही, अशा वेळी चांगला पर्याय उरलेला नसतो, दोन वाईट पर्यायांतून निवडावं लागतं. एक, गाडीतच पट्टा लावून, डोकं काचेच्या पातळीखाली घेऊन, हातांनी किंवा जाकिटाने झाकून बसणं. दुसरा, रस्त्यापेक्षा बराच खोल खड्डा किंवा चर असेल तर त्यात पालथं पडणं आणि डोकं झाकणं. पुलाखाली नाही.

वादळ गेल्यावर

इलिनॉयमधल्या मॅरियन इथे १९८२ च्या टॉर्नेडोनंतर जखमांचा अभ्यास झाला. निम्म्या जखमा वादळ गेल्यानंतर, माणसं शोधताना आणि ढिगारा उपसताना झालेल्या होत्या. जवळपास एक तृतीयांश जखमा खिळ्यावर पाय पडल्याच्या होत्या. बूट म्हणूनच.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, काडी ओढू नका, बाहेर पडा. पडलेल्या तारेला ती निर्जीव दिसली तरी हात लावू नका. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

जखम किरकोळ दिसली तरी अंगावर काढू नका. जॉप्लिनमध्ये वाचलेल्यांपैकी १३ जणांना मातीतल्या बुरशीचा भयंकर संसर्ग झाला. उडत्या लाकडा-काचांसोबत माती जखमेत खोल गेली होती. त्यांतले पाच जण दगावले. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. टाके घातल्यावर काही दिवसांनी कडा काळ्या पडू लागल्या, दुखणं वाढलं किंवा ताप आला तर लगेच रुग्णालयात जा आणि ही जखम टॉर्नेडोत झाली आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.