जुन्या बुलेटचे इंजिन बुश बदलताय? आधी या चुका टाळा

कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट 350 खोलली की मेकॅनिक हमखास म्हणतो, "बुश गेलेत, नवे टाकू." बुश म्हणजे पिनभोवती किंवा शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी. टाकायला हरकत काहीच नाही. पण आपण दुकानात जाऊन ‘बुलेटचा स्मॉल एंड बुश द्या’ म्हणतो (स्मॉल एंड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कॉनरॉडचं पिस्टनकडचं टोक), दुकानदार पाकीट पुढे करतो आणि आतलं माप कुणीच घेत नाही. बुश गाडीच्या नावावर घ्यायची वस्तूच नाही. तो ज्या पिनवर चालणार तिचं माप आणि ज्या घरात (म्हणजे रॉडच्या भोकात) बसणार त्या घराचं माप, या दोन आकड्यांवर तो घ्यायचा. तुमच्या इंजिनात आधीच्या मालकांनी काय काय उद्योग करून ठेवलेत, हे पाकिटावर छापलेलं नसतं.

त्याआधी आवाज खरंच बुशचा आहे का ते बघा. थंड इंजिनात खडखड आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर बहुधा पिस्टन सिलेंडरमध्ये ढिला आहे. स्मॉल एंड गेला असेल तर गरम इंजिनातही, आयडलवर किंवा हलक्या रेसवर, कोरडी टकटक राहते. सिलेंडर उतरवल्यावर पिस्टन धरून रॉडच्या रेषेत वर-खाली हलवून बघा. आडवा थोडा सरकला तर हरकत नाही, तेवढी मोकळीक असायलाच हवी; वर-खाली मात्र बोटाला काही जाणवता कामा नये.

व्हर्नियरवर विसंबणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साधा व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत वाचतो, आणि पिन व बुश यांच्यात आपल्याला हवी असलेली फट साधारण 0.01 ते 0.025 मिमी. म्हणजे जे मोजायचंय ते मोजपट्टीच्या एका रेघेत संपलं. पिन मायक्रोमीटरने मोजा, बुशचं भोक बोअर गेजने. पिन मधोमध आणि दोन्ही टोकांना मोजायची, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. मध्ये झीज असेल तर नखाला पायरी लागते. अशा पिनवर नवा बुश बसवून उपयोग नाही, पिनही नवी घ्या.

दुसरा घोळ इंच आणि मिलिमीटरचा. हे इंजिन मुळात इंग्लंडमधल्या रेडिचचं. 1955 पासून गाडी मद्रासला तयार होऊ लागली, तरी मापं इंचातली राहिली. म्हैसूरच्या जावा-येझदीचं मूळ चेक, म्हणून तिथे मिलिमीटर. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी. टर्नरने (लेथवाल्याने) सवयीने 19 चा रीमर, म्हणजे भोक मापात कापणारं हत्यार, फिरवला की पिन जाणार नाही, मग तो पॉलिश पेपर घेऊन बसणार. तो पेपर हातातून काढून घ्या! एमरीचे कण मऊ ब्रॉन्झमध्ये रुततात आणि पुढे हजारो किलोमीटर पिन घासत राहतात.

‘पिवळं आहे ना, मग चालेल’

पितळही पिवळं आणि ब्रॉन्झही पिवळसर, त्यामुळे फसवणूक सोपी. साधं पितळ स्मॉल एंडला नको. तिथे फॉस्फर ब्रॉन्झ हवं, म्हणजे तांब्यात दहा-बारा टक्क्यांच्या आसपास कथील. ते कठीण असतं आणि वरून बसणारे ठोके सोसतं, पण समोरची पिनही कडक आणि गुळगुळीत लागते. शिसं असलेलं ब्रॉन्झ (तांबं 83, कथील 7, शिसं 7, जस्त 3 हे नेहमीचं प्रमाण) थोडं मऊ, तेल कमी पडलं तर सांभाळून घेणारं; किक शाफ्टसारख्या कमी वेगाच्या जागी ते उत्तम. ॲल्युमिनियम ब्रॉन्झ ‘जास्त मजबूत’ म्हणून विकलं जातं. मजबूत आहेच, पण शाफ्ट कडक केलेला नसेल तर बुश शाबूत आणि शाफ्ट खल्लास.

तेल मुरवलेले सच्छिद्र बुश हा वेगळा प्रकार, डिस्ट्रिब्युटरसारख्या हलक्या कामाचा. ओळखायला सोपा: लायटरने किंचित गरम केला की अंगावर तेलाचे थेंब फुटतात. त्याला पेट्रोलने धुऊ नका आणि रीमर लावू नका, छिद्रं लिंपली जातात. आणि कॉनरॉडच्या जवळपासही तो नको.

बसवल्यावर भोक आवळतं, हे विसरणं

समजा, बुश घरापेक्षा बाहेरून 0.05 मिमी मोठा आहे. दाबून बसवल्यावर आतलं भोक जवळजवळ तितकंच लहान होतं. आधी पिन सुळकन जात होती, बसवल्यावर अडकली, यात बुशचा दोष नाही. म्हणूनच आतून थोडा लहान बुश घ्यायचा आणि बसवल्यावर रीमर किंवा होनिंगने (आतून बारीक घासून) मापात आणायचा. आधीच मापात तयार असलेला बुश सोयीचा वाटतो, पण बसवल्यावर नेमका त्याचाच घोळ होतो.

इथे रॉडला चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील, नाहीतर ॲल्युमिनियमचा अलॉय. काही जुन्या अलॉय रॉडमध्ये बुश नसतोच, पिन थेट रॉडमध्ये चालते. अलॉय रॉडला बुश बसवायचा तर पकड जास्त ठेवावी लागते, कारण ॲल्युमिनियम हे ब्रॉन्झपेक्षा जास्त फुगतं. थंड असताना घट्ट वाटलेला बुश गरम इंजिनात फिरू लागतो आणि तेलाचं भोक झाकून टाकतो.

बुश हातोडीने ठोकू नका. लांब बोल्ट, नट आणि दोन वॉशर घेऊन ओढून बसवा. बुशच्या पुढच्या कडेला हलका उतार असू द्या. तेलाचं भोक बसवल्यानंतर जुळतंय का बघा, नसेल तर ड्रिल करून आतली बर (कडेला उरलेला धातूचा कंगोरा) साफ करा. रीमर उलटा फिरवू नका. शेवटी रॉडच्या दोन्ही डोळ्यांत (टोकांच्या भोकांत) लांब सरळ पिना घालून त्या समांतर आहेत का तपासा. भोक तिरपं झालं असेल तर पिस्टन सिलेंडरमध्ये तिरका चालणार. चांगला टर्नर हे न सांगता करतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी असे हात मिळतात, फक्त ‘अर्जंट आहे’ म्हणू नका.

बिग एंडचा बुश घट्ट करून देणं

बिग एंड म्हणजे रॉडचं क्रँककडचं टोक. या बुलेटचा बिग एंड बुश तरंगता असतो: रॉडच्या आतही मोकळा फिरतो आणि क्रँक पिनवरही. तेलाची फट दोन्ही बाजूंना. हे ठाऊक नसलेला कारागीर ‘ढिला आहे’ म्हणून तो रॉडमध्ये प्रेस फिट (दाबून घट्ट) करून देतो, आणि थोड्याच दिवसांत इंजिन जाम होतं. इथे रॉडचा डोळासुद्धा झिजणारा भाग आहे, म्हणून तोही मोजायचा. शिवाय ऑइल पंप अशक्त असेल तर कितीही चांगला बुश टिकणार नाही. इंजिन खोललंच आहे तर पंप बघून घ्या.

गाडी चालू झाल्यावर पहिल्या 500 किलोमीटरला तेल बदला आणि फिल्टर पांढऱ्या कापडावर झटका. बारीक सोनेरी धूळ दिसली तर घाबरू नका. चुंबकाला न चिकटणारे, बोटांत धरता येतील असे पापुद्रे निघाले, तर मात्र गाडी तिथेच थांबवून इंजिन पुन्हा खोला.