डोमकळी दिसली की आधी मोजा: पोळ्यानंतरची पऱ्हाटी आणि गुलाबी बोंडअळी

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, पोळ्याच्या सुमारास पात्या-फुलांनी भरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कृषी केंद्रापुढे पंप घेऊन रांग लागते. पोळ्याच्या अमावास्येला बोंडअळीचा फवारा मारायचा, असा रिवाज विदर्भात रुजला आहे. रिवाज वाईट नाही, कारण फुलांचा हंगाम तिथेच सुरू होतो. पण अमावास्या सगळ्यांची एकच आणि लागवड प्रत्येकाची वेगळी. तारखेवर फवारण्यापेक्षा शेतात जाऊन मोजणं जास्त कामाचं.

मोजायचं काय? लागवडीला ४५ दिवस झाले की एकरी २ कामगंध सापळे लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. पीक वाढेल तसा सापळाही वर सरकवा. पानांत बुडालेला सापळा काही सांगत नाही. त्यातली ल्युर, म्हणजे आमिषाची वडी, मादीच्या वासाची नक्कल करते, म्हणून तिच्याकडे फक्त नर येतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजा. ल्युर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. ती संपल्यावर रिकामा सापळा पाहून "अळी नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

दुसरी खूण फुलांची. अळी कळीत शिरली की पाकळ्या तोंडाच्या धाग्याने बांधून टाकते, फूल उमलतच नाही, गुंडाळलेलं राहतं. हीच डोमकळी. शेतात तिरपं चालत १०० फुलं पाहा. १० डोमकळ्या निघाल्या तर नुकसानीची पातळी गाठली. दिसेल ती डोमकळी तोडून पिशवीत भरा आणि आतल्या अळीसकट नष्ट करा. धुऱ्यावर फेकली तर अळी तिथेच कोषात जाते. पुढे बोंडं धरली की वेगवेगळ्या झाडांवरची सुपारीपेक्षा थोडी मोठी २० हिरवी बोंडं तोडून फोडून पाहा. दोनांत अळी निघाली तरी पातळी गाठलीच. बाहेरून बोंड साजरं दिसतं म्हणून फसू नका. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि तिचं शिरतानाचं भोक बुजून जातं. त्यानंतर वरून कितीही औषध ओता, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारा उपयोगी पडतो तो पतंग, अंडी आणि आत शिरायच्या आधीची अळी यांच्यावर, म्हणजे मोजक्या काही दिवसांत.

आता नेहमीचा प्रश्न: "बीटी बियाणं घेऊनही अळी कशी?" बीटी कापूस म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, त्यातल्या प्रथिनाने अळी मरते. तो आपल्याकडे २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी २०१० पर्यंत नोंदली गेली, पुढच्या काही वर्षांत तिने दुसऱ्या जनुकालाही दाद दिली नाही, आणि २०१७ मध्ये यवतमाळ, वर्ध्यापासून मराठवाड्यापर्यंत तिने बोंडं कशी पोखरली ते सगळ्यांनी पाहिलं. याच अळीने अमेरिकेतल्या ॲरिझोनालाही जवळपास शंभर वर्षं छळलं होतं. तिथे बीटी कापूस १९९६ पासून आहे. २०१८ मध्ये मात्र अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. अळी तीच, बीटी प्रथिनंही तीच. मग फरक कुठे पडला?

ॲरिझोना विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या नोंदी आणि संगणकावरची गणितं जुळवून याचं उत्तर मांडलं आहे. बीटीला न मरणारी अळी सुरुवातीला फार विरळ असते. सगळं शेत बीटीचं असेल तर जगलेल्या मोजक्या अळ्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतात आणि पुढची पिढी अख्खी निबर निघते. शेजारी साध्या कापसाच्या ओळी असतील तर तिथून मरणाऱ्या जातीचे पुष्कळ पतंग येतात. निबर पतंग त्यांच्याशी जुळला की होणारी बहुतेक पिल्लं बीटी बोंडात मरतात. ॲरिझोनाने पहिली दहा वर्षं हा आश्रय कापूस काटेकोर लावला. २००६ पासून तर विमानांतून किरणोत्साराने वांझ केलेले अब्जावधी पतंग सोडले. जंगली पतंगाला जोडीदार म्हणून वांझच मिळू लागला. शिवाय कामगंध आणि ठरल्या तारखेला पऱ्हाटी काढून नांगरट. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की नुसतं बीटी किंवा नुसते वांझ पतंग, यातल्या कोणत्याही एकाने हे काम झालं नसतं.

आपल्याकडे बियाण्याच्या पाकिटाबरोबर आश्रयाची वेगळी पुडी मिळायची. ती बहुतेक वेळा बांधावर नाहीतर उकिरड्यावर गेली, हे मान्य करायला हवं. अलीकडे साधं बियाणं बीटीतच मिसळून देतात. आपली आणखी एक अडचण अशी की आपण संकरित वाण लावतो. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकी बीटीची असते, काही नसते. अळी सरकीच खाते, त्यामुळे तिला एकाच घरात विषाचा अर्धामुर्धा डोस मिळतो आणि पचवायची सवय लागते.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात याच गोष्टीचा उलटा फायदा झाला, ही मोठी गंमत आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून संकरित कापसाचं दुसऱ्या पिढीचं बियाणं लावलं. त्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप साधी निघाली, म्हणजे आश्रय मिसळूनच आला. सहा प्रांतांतल्या २००५ ते २०१५ च्या नोंदींत असं दिसलं की वाढत चाललेली प्रतिकारशक्ती त्यानंतर उतरली. हे वाचून घरची सरकी पेरायला मात्र निघू नका. आपली अळी आधीच निबर झालेली आहे आणि दुसऱ्या पिढीत उत्पन्नही घसरतं.

म्हणजे या हंगामात बीटीवर विसंबायचं नाही. पातळीच्या खाली असाल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून १०० लिटर पाणी करा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. पातळी ओलांडली असेल तर इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के एसजी, १० लिटर पाण्याला ४ ग्रॅम. पुढच्या फवाऱ्याला वेगळ्या गटाचं औषध घ्या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध ऑक्टोबरपर्यंत हातात घेऊ नका. लवकर मारलं की पांढरी माशी उसळते. आणि दुकानदाराने "सोबत हेही टाका" म्हणून दिलेली तीन-चार औषधं एका पंपात कालवू नका. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे वापरा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, आणि भर उन्हात फवारूच नका.

कामगंधाच्या गाठी किंवा पेस्ट लावून नराला मादीच सापडू न देण्याची पद्धतही आता मिळते. वास सगळीकडे भरलेला असला की नर भांबावतो आणि जुळणी होत नाही. मात्र एकट्याच्या दोन एकरांत ती लावली तर फारसं हाती लागत नाही, कारण शेजाऱ्याच्या शेतात जुळलेली मादी उडत येऊन तुमच्याकडे अंडी घालते. आठ-दहा शेजाऱ्यांनी सलग पट्ट्यात लावायची तयारी असेल तरच त्यात पैसा घाला.

शेवटचं काम डिसेंबरचं, पण त्याची तयारी आत्तापासून करा. दिवस लहान आणि थंड झाले की पूर्ण वाढलेली अळी दोन सरक्या चिकटवून त्यांच्यात झोपी जाते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर राखलेल्या पऱ्हाटीच्या, दोन क्विंटलांसाठी जानेवारी-फेब्रुवारीत पाणी दिलं की तिला आणखी एक-दोन पिढ्यांचं खाणं मिळतं. म्हणून हरभरा किंवा गहू घ्यायचा असेल तर बियाण्याची सोय दिवाळीआधी करून ठेवा, म्हणजे पऱ्हाटी उपटायला हात जड होणार नाही. उपटलेल्या पऱ्हाट्या जळणासाठी धुऱ्यावर रचू नका, श्रेडरने बारीक करा. कवडी, म्हणजे किडका कापूस घरात साठवू नका. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथली सरकी आणि कचरा उघड्यावर पडलेला नाही ना, हे ग्रामसभेत विचारा, आणि आवारात वर्षभर कामगंध सापळे लावायला सांगा. उन्हाळ्यात निघणारे पतंग तिथेच अडकतात.