शवपेटीवरचा हिरवा आधी तपासा, मग लिहा

इजिप्तच्या २१व्या राजघराण्यातल्या शवपेट्यांना अभ्यासक ‘पिवळ्या शवपेट्या’ म्हणतात. १८९१ मध्ये थीबीजजवळच्या बाब अल-गसूसच्या भुयारात अशा पेट्यांचा मोठा साठा सापडला आणि पुढे त्या देशोदेशीच्या संग्रहालयांत गेल्या. अशा पेट्यांवरचे रंग तपासून नोंदवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्याची पहिली पेटी बहुधा हीच असते, आणि फसगतही इथेच होते. कारण हा पिवळा एका थराचा नसतो. खाली पिवळी माती, काही जागी हरताळ (आर्सेनिकचं पिवळं खनिज) आणि वरून पिस्त्याच्या कुळातल्या झाडाच्या राळेचं व्हार्निश. ही राळ जुनी होता होता पिवळी, मग तपकिरी होते.

आता मुख्य खड्डा. निळ्यावर पिवळी राळ आली की डोळ्याला हिरवा दिसतो. त्यात रंग बांधणारा डिंक काळवंडला तर काळपट हिरवा. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून ‘हिरवा’ लिहू नका. एक्सआरएफची बंदूक (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) रोखून सुटका होईल असं वाटतं, पण होत नाही. ती तांबं दाखवते. तांबं इजिप्शियन निळा या भट्टीत केलेल्या रंगद्रव्यात आहे, भट्टीतल्याच हिरव्यात आहे आणि मॅलाकाइट या हिरव्या खनिजातही आहे. ज्याला त्याला आधी बंदूकच हवी असते, हे मला अजिबात पटत नाही.

त्याऐवजी असं करा. खोलीत पूर्ण अंधार. पांढरा एलईडी दिवा. साधा पिवळा बल्ब नको, त्यातून अवरक्त प्रकाश भरपूर येतो आणि सगळंच उजळतं. कॅमेऱ्यातली अवरक्त अडवणारी काच काढलेली हवी आणि भिंगावर साधारण ८३० नॅनोमीटरच्या पुढचंच आत सोडणारा फिल्टर. दिव्याचा उजेड पडला की इजिप्शियन निळा ९१० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. फोटोत तो लख्ख पांढरा येतो, अगदी तपकिरी व्हार्निशखालूनही. चौकटीत प्रमाणित पांढरी चकती ठेवायला विसरू नका. ती काळीच यायला हवी. उजळली, तर बाहेरचा प्रकाश आत शिरतोय आणि तो फोटो बाद. शिवाय हिरव्यातही निळ्याचे चार कण सापडू शकतात, त्यामुळे तुरळक ठिपके दिसले म्हणून लगेच ‘निळा’ ठरवू नका. मग व्हार्निश जिथे संपतं किंवा टवका उडालाय, ती कड भिंगाखाली बघा. बहुतेक शंका तिथेच फिटतात.

हरताळाचं उलटं आहे. उजेडाने ते फिकट होत पांढरं पडतं, त्याचा सोमल (आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड) होतो. पांढरट डागाला चुना समजण्याआधी एक्सआरएफ घ्या. इथे ती खरंच कामाची. मात्र आर्सेनिक आणि शिसं यांची आलेखातली मुख्य शिखरं १०.५ केईव्हीपाशी (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) एकमेकांवर चढतात. आर्सेनिकसाठी ११.७ आणि शिशासाठी १२.६ पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. जुन्या डागडुजीतलं शिसं हमखास मध्ये येतं. हातमोजे घाला, हे विष आहे.

आणि ओला बोळा लावू नका. डिंकातला रंग पाण्याने सुटतो आणि परत येत नाही. पहिल्याच आठवड्यात हातात बोळा देणारा मार्गदर्शक मला धोक्याचा वाटतो. दिवसभर नुसतं बघायला लावणारा भेटला तर त्याला सोडू नका. सुरुवातीला एका हातभर पट्टीला दोन दिवस लागले तरी धास्तावू नका, नजर बसते.

नोंदवहीत प्रत्येक जागेसाठी तीन रकाने ठेवा: आज दिसणारा रंग, खालचं रंगद्रव्य, वरचा थर. मधला सिद्ध झाला नसेल तर कोरा सोडा.