गूगल साइट्सवरचा पोर्टफोलिओ विद्यार्थ्याला दिसतो, परीक्षकाला नाही

गूगल साइट्स म्हणजे गूगलची वेबसाइट बनवायची सोय; विद्यार्थी तिथे आपल्या कामाचा संग्रह (पोर्टफोलिओ) मांडतात. लक्षण असं: पान उघडतं, मजकूर दिसतो, पण कामाच्या फाइलींच्या जागी परवानगी मागणारी चौकट. विद्यार्थ्याच्या लॉगिनवर मात्र सगळं ठणठणीत. साइट पुन्हा पब्लिश केली, ब्राउझर बदलला, फाइल काढून परत लावली, नुसता वैताग.

साइट सार्वजनिक केली तरी ड्राइव्हमधल्या फाइलची परवानगी वेगळीच राहते, हे मूळ.

आधी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा. त्याच्या शेअरमध्ये ‘एनीवन विथ द लिंक’ आणि ‘व्ह्यूअर’ निवडा. दाखवायच्या फाइली (तेवढ्याच!) त्यात हलवा. मग साइटवर इन्सर्ट, ड्राइव्ह, पब्लिश. शेवटी पब्लिश झालेला पत्ता इनकॉग्निटोत (ब्राउझरची लॉगिन नसलेली खासगी खिडकी) उघडून पाहा. पत्त्याच्या शेवटी ‘एडिट’ असेल तर तो मसुद्याचा. परीक्षकाला तो उपयोगाचा नाही. शिक्षकांनी ही तपासणी पहिल्याच आठवड्याची असाइनमेंट करून टाकावी.

कॉलेजच्या खात्यात ‘एनीवन’ दिसतच नसेल, तर तो पर्याय बहुधा ॲडमिनने (कॉलेजची गूगल खाती सांभाळणाऱ्याने) बंद केलाय. सुरू करणंही त्याच्याच हातात.

सुधारलेली पीडीएफ ड्राइव्हमधल्या ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून (त्याच फाइलची नवी आवृत्ती म्हणून) चढवा. जुनी डिलीट करून नवी टाकली की साइटवरची चौकट तुटते. पहिला मसुदा मात्र वेगळ्या नावाने जपा, कारण जुनी व्हर्जन्स 30 दिवसांनी जाऊ शकतात आणि कौशल्य कुठे वाढलं ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळतं.